कॉलरला लावलेला माइक

सेक्रेटरीने भज्याचा शेवटचा तुकडा तोंडात कोंबला, बोटं चाटली आणि त्याच बोटांनी यंत्राचं बटण दाबलं. समोर आईशेजारी बसलेल्या तिने तोंड फिरवलं.

सेक्रेटरी म्हणजे तिचा धाकटा चुलतभाऊ. कळायला लागल्यापासून कुठल्या ना कुठल्या मंडळाचा सेक्रेटरी, म्हणून घरात तेच नाव पडलं. बाबा जाऊन महिना होत आला होता आणि संगीत मंडळाच्या हॉलमध्ये त्यांच्या स्मरणार्थ बैठक त्यानेच ठेवली होती. बाबांनी मैफलींत टेप केलेली गाणी ऐकवायची. त्यासाठी कॅसेटचं खोकं आधीच उचलून नेलं होतं. "स्वच्छ करून देतो, ताई." आता हॉलभर शिळ्या तेलाचा आणि उग्र अत्तराचा वास कोंदला होता. मागे कुणीतरी कागदी बशी चुरगळत होतं. बाबा असते तर केव्हाच उठून गेले असते.

बाबांची प्रत्येक सुटी गाण्यामागे गेली. तिघं निघत ती पाठीला रग लागेपर्यंत बसने, मग परक्या गावातली स्वस्त खोली, आणि संध्याकाळी मैफल. बाबा माइक स्वतःच्या कॉलरला अडकवत. टेपरेकॉर्डर तिच्या मांडीवर. आईला सक्त ताकीद: खोकायचं नाही. स्वतः मात्र गप्प बसतील तर शपथ. त्यामुळे टेपमध्ये गवई लांब आणि बाबांची कुजबुज अगदी कानाशी. "थांब पोरी, आता बघ कसा समेवर येतो." आणि तो यायचा. "त्याच्यापेक्षा तुमचंच गाणं जास्त," आई फणकारायची. बाबांचा आवाज दुसरीकडे कुठेही उरला नव्हता. फोनवर ते कामापुरतं बोलत, आणि ते कोण जपून ठेवतं?

गाणं सुरू झालं. आई खुर्चीच्या कडेला सरकली. ती जागा जवळ आली, तसा दोघींनी श्वास रोखला. गवई समेवर आला. गुळगुळीत, एकटा.

"अगं, हे कुठे गेले?" आई म्हणाली.

सेक्रेटरी खुशीत वाकला. त्याच्या तोंडाला कांद्याचा वास येत होता. "काकू, सगळा कचरा काढला! खोकले, खुर्च्यांची करकर. आणि मधेमधे एक बडबड्या होता, त्याला तर शोधून शोधून उडवला."

"तो बडबड्या तुझा काका होता," ती म्हणाली.

तो हसला. चक्क हसला. "काय सांगतेस! पण ताई, गाणं बघ ना किती खुललंय."

"मूळ कॅसेट कुठे आहेत?"

"त्या? बुरशी धरली होती गं. मागे पोत्यात टाकल्यात. सकाळी कचऱ्याची गाडी येईल."

ती उठली. मागच्या खोलीत पोतं होतं, पण त्यावर मंडळींनी उष्ट्या बशा ओतल्या होत्या. तिने बाह्या वर सारल्या. हाताला चटणी लागली, चघळून थुंकलेलं काहीतरी लागलं, पेल्यातला थंड चहा कोपरापर्यंत ओघळला. दारात उभा राहून सेक्रेटरी म्हणत होता, "ताई, बरं दिसतं का हे? पाहुणे आहेत."

"तू आत जा. तुझं गाणं खुललंय."

बहुतेक कॅसेटमधली टेप भिजून चिकटली होती. एकीचीच डबी घट्ट बंद होती. तिने ती ओढणीला पुसली आणि आईला हात धरून बाहेर काढलं.

घरी तिने साबणाने हात चोळले, पुन्हा चोळले. वास जाईना. त्याच हातांनी तिने जुना टेपरेकॉर्डर लावला. खरखर. लांबवर गवई. मग आईचा दाबून धरलेला खोकला, आणि कानाशी बाबा:

"पाणी पी. पण झाकण हळू उघड."

झाकण खणकन पडलं. टेपमध्ये आई आणि बाबा दोघंही हसू दाबत होते.

"तिथून परत लाव," आई म्हणाली. मग नाक मुरडून, "आणि आधी हात धू गं. काय घाण वास येतोय."