कारणाचा रकाना

"आणि हा टीएन गट." डॉ. अवधूत पडद्यावरच्या आलेखातल्या सर्वांत बुटक्या खांबावर लाल ठिपका नाचवत म्हणाले, "शिक्षणात टिकून राहण्याच्या क्षमतेचा जनुकीय गुणांक इथे सर्वांत कमी दिसतो."

मागच्या रांगेत बसलेली धम्मप्रिया तळभंडारे ताठ झाली. संशोधन केंद्राच्या कार्यक्रमाला पाहुणे कमी पडले म्हणून लॅबमधल्या माणसांना खुर्च्या भरायला बोलावलं होतं. टीएन म्हणजे काय, हे त्या सभागृहात दोघांनाच ठाऊक होतं. डॉक्टरांना आणि तिला. टीएन म्हणजे तक्षशिला नगर, तिची वस्ती. चार वर्षांपूर्वी तिथल्या मोफत साखर तपासणीच्या शिबिरात तिनेच दोनशे चौदा जणांचं रक्त काढलं होतं, ट्यूबांवर टीएनच्या चिठ्ठ्या डकवल्या होत्या. लोक सुईला भ्यायचे. "आपली प्रिया हाय की, दुकत न्हाय," असं म्हणून एकमेकांना पुढे ढकलायचे. टीएन सत्तावन्न म्हणजे तिची आई, पारूबाई.

"याचा उपयोग काय होणार?" पुढे बसलेल्या एका विश्वस्तांनी विचारलं.

"लवकर निदान. अशा समूहातल्या मुलांना विज्ञान-गणितात उगाच रखडवण्यापेक्षा आठवीपासूनच कौशल्य प्रशिक्षणाकडे वळवता येईल. त्यांचंच भलं आहे."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या, तेव्हा धम्मप्रियाला कळलं की आपण उभ्या आहोत.

"सर, ते रक्त साखर बघायला घेतलं होतं."

"मॅडम, आपण नंतर बोलू."

"शाळा कितवीत सोडली, हे फॉर्मवर मी लिहिलंय. का सोडली, ते विचारायला रकानाच नव्हता. मग ते कारण रक्तात कसं सापडलं?"

कुणीतरी फिसकन हसलं. डॉक्टरांनी पुढची स्लाइड लावली.

नंतर केबिनमध्ये त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला. ते आवाज चढवणारे गृहस्थ नव्हते.

"तुम्ही स्वतः बी.एस्सी. आहात, धम्मप्रिया. भावनेच्या भरात बोलू नका. वस्तीचं नाव आपण कुठेही दिलेलं नाही."

"मी त्याच वस्तीतली आहे, सर."

"तुम्ही अपवाद आहात," ते कौतुकाने म्हणाले.

तिने कप बाजूला सरकवला. "लोकांना विचारलं होतं का?"

त्यांनी फाइल उघडून तिच्यापुढे सरकवली. संमतीपत्र. पहिलं पान मराठीत, साखरेचं. तेच तिने घरोघरी वाचून दाखवलं होतं. दुसरं पान इंग्रजीत, बारीक अक्षरात. उरलेला नमुना पुढील कोणत्याही संशोधनासाठी वापरण्यास हरकत नाही. खाली अंगठा. अंगठ्याशेजारी साक्षीदाराची सही. ध. य. तळभंडारे. दोनशे चौदा वेळा.

तिला तो दिवस आठवला. शिबिर संपलं होतं, हात भरून आले होते. कारकून म्हणाला होता, मॅडम, शेवटच्या पानांवर सह्या मारून टाका. तिने मारल्या होत्या. एकही ओळ वाचली नव्हती.

"तुमच्यासमोरच तर झालंय सगळं," डॉक्टर म्हणाले.

चहा तसाच ठेवून ती उठली.

घरी पारूबाई ज्वारी पाखडत होती. धम्मप्रियाने चप्पलही न काढता सगळं सांगितलं. पारूबाईचं सूप थांबलं.

"म्हंजी माजं डोकं कमी हाय, आसं त्या रगतात लिवलंय व्हय?"

"तसं म्हणतात ते."

"फारमावर साळा चौथी लिवलीस न्हवं तू माजी?"

"हो."

"मग आता हे बी लिव." पारूबाईने सूप बाजूला आपटलं. "आमच्या गावात साळा चौथीपातूर, पाचवीची दुधनीत. मदी वडा. बा म्हनला, पोराला शिकवू, पोरगी काय करायचीय. भाव पान्याला भ्यायचा, त्याचा हात धरून मी वडा वलांडायची. त्यो वर्गात, मी भायेर भितीला टेकून. त्याला परत आनायचा म्हनून दिसभर बसायची. दोन वर्सं! रोज साळंला गेले मी, एक दीस चुकले न्हाय. आतली गनितं भायेर मातीत सोडवायची. मास्तरानं एकदा बगितलं, म्हनला बरूबर हाय, आन् निगून गेला. आत ये म्हनला न्हाय. हे कुटल्या रगतात हाय ते इचार जा तुज्या डाक्टरला!"

धम्मप्रियाने हे कधी ऐकलं नव्हतं. आईच्या पोटी जन्मून, आईचं रक्त काढूनही तिने विचारलं नव्हतं.

त्या रविवारी विहारात तिने वस्तीला बोलावलं आणि काहीही न लपवता सांगितलं. साक्षीदार म्हणून माझी सही आहे, हेही सांगितलं आणि रक्ताचे नमुने परत मागायचे अर्ज पुढे ठेवले.  मग रिक्षा चालवणारा धर्मपाल उठला.

"सुई तू खुपसलीस, सही तू केलीस. आता परत अंगठं मागतीस?"

"मागते. माझी चूक आहे, धर्मपालदादा. शिव्या द्या, पण अर्जावर नाव लिहू द्या. उद्या तुमच्या पोरीला आठवीतनं उठवायला आले, तर त्यांना दाखवायला कागद पाहिजे."

धर्मपालने शिव्या दिल्या. मग सहीही केली.

नमुने परत घेण्याच्या प्रत्येक अर्जावर तिने एक रकाना वाढवला. शाळा का सोडली. कुणी सांगितलं, मिल बंद पडली. कुणी सांगितलं, आई मेली, धाकटी भावंडं होती. एकाने फक्त मास्तरचं नाव सांगितलं आणि म्हणाला, एवढंच लिव. एकोणीस जण वारले होते. त्यांच्यासाठी घरच्यांनी अंगठे दिले.

तो गठ्ठा घेऊन ती केंद्रात गेली. डॉक्टरांनी वरचे दोन अर्ज वाचले. तिसरा वाचताना त्यांनी चष्मा काढला. "हे सगळं खरं असेल," ते म्हणाले, "पण ही माहिती आकडेवारीत बसत नाही."

"मग आकडेवारी मोठी करा," ती म्हणाली. "माणसं किती कापणार?"

तीन महिन्यांनी पत्र आलं. उरलेले नमुने नष्ट करण्यात आले आहेत. मात्र त्यांतून निघालेली माहिती परदेशातल्या भागीदार संस्थांकडे आधीच गेली असल्याने ती मागे घेणे शक्य नाही. त्याच आठवड्यात धम्मप्रियाच्या कंत्राटाची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. तिने एका छोट्या खासगी लॅबमध्ये काम धरलं.

उन्हाळ्यात वस्तीतल्या सोजरमावशीच्या सुनेचा निरोप आला. म्हातारीच्या पायाची जखम पंधरा दिवस भरत नाही, चक्कर येते, दवाखान्यात येत नाही. धम्मप्रिया साखर मोजायचं यंत्र घेऊन गेली. सोजरमावशी दारातच पाय लांब करून बसली होती. जखम पाहताच धम्मप्रियाला कळलं की साखर फार वाढली आहे.

"मावशी, बोट द्या. एकच थेंब."

सोजरमावशीने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"न्हाय."

"मावशी, कुठं पाठवत नाही. हितंच, तुमच्यासमोर बघते अन् पुसून टाकते."

"तवाबी हितंच बगितलं व्हतंस की."

आवाजात राग नव्हता. राग असता तर धम्मप्रिया भांडली असती.

"साखर वाढली तर पाय कापावा लागेल, मावशी."

"कापू दे. पाय माजाच हाय." म्हातारीने तिच्याकडे नीट पाहिलं. "तू लई गुनाची पोर हायस. घाव धुऊन दे. पर रगत न्हाय."

सुनेने कोमट पाणी आणलं. धम्मप्रियाने यंत्र पिशवीत घातलं, खाली बसून पाय मांडीवर घेतला आणि जखम धुवायला लागली.  पट्टीची गाठ बांधून होईपर्यंत म्हातारीचे हात पदराखालून बाहेर आले नाहीत.