चौथं काही नाही

मैथिलीने ओढ्यात हात बुडवून बाहेर काढला, तर बोटांवर फेस होता. तिने तो चोळून नाकाशी नेला. लिंबाचा वास आला. खऱ्या लिंबाचा नव्हे, पाकिटावर ज्याचं चित्र असतं त्या लिंबाचा.

"इथे कायम असा फेस असतो?"

"छ्या! आजच," पारूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा नुसता खुलला होता. "झ्याक दिसतंय न्हवं?"

पारूबाई म्हणजे वेल्ह्याच्या वरच्या अंगाला असलेल्या या धनगरवस्तीतल्या कर्त्या बाई. वस्ती नऊ घरांची. इथल्या काळ्या लोकरीच्या शाली आणि जाकिटं पुण्यातली एक कंपनी 'माळरान' या नावाने विकायची. प्रत्येक शालीला एक कागदी पट्टी बांधलेली असायची: पाणी, ऊन आणि हात, चौथं काही नाही. हे खरं की नुसतं छापलेलं, ते बघायला मैथिली भोरहून आली होती. कपड्यांच्या कंपन्या माणसांशी आणि निसर्गाशी कशा वागतात ते तपासून त्यांना श्रेणी देणाऱ्या एका संस्थेत ती सहा महिन्यांच्या बोलीवर लागली होती. ही तिची शेवटची तपासणी. धड पार पडली की नोकरी पक्की, आणि आईने तर भोरच्या निम्म्या बाजारपेठेला पेढ्यांचं आश्वासनही देऊन टाकलं होतं.

सकाळपासून सगळं सुरळीत चाललं होतं. पारूबाईंचे यजमान हैबती मेंढरू मांडीशी दाबून कातरत होते. त्यांच्या शेजारी आणखी चौघे बसले होते, सगळे आजूबाजूच्या वस्त्यांवरचे.

"यांना मजुरी किती देता?" मैथिलीने विचारलं होतं.

हैबतींची कातर थांबली. "भावकीला मजुरी? उद्या म्या जानार न्हाई व्हय त्यांच्यात?"

मैथिलीने मजुरीच्या रकान्यात 'परस्पर मदत' असं लिहून खाली चार ओळींचा खुलासा जोडला. तिथवर तिला आपलं काम फार आवडत होतं.

फेसाला असा खुलासा जोडता येणार नव्हता. लोकर धुताना रसायन वापरलं की श्रेणी थेट लाल, आणि मग वर्षभर त्या मालाकडे मोठे व्यापारी फिरकत नाहीत. 'माळरान'ने लोकर उचलली नाही तर काय होतं, ते हैबतींनी चहा पिताना सहज सांगितलं होतं. घोंगड्या कुणी घेईना झालं तेव्हा तीन वर्षं ते लोकर कातरायचे आणि घळीत टाकून यायचे. आता नऊ घरांतल्या बायका सूत काततात. पारूबाईंची नात भोरला राहून शिकते ती त्याच सुतावर.

"मावशी, लोकर पावडर घालून धुतली?"

"मंग! पयल्यांदाच. येरवी कातरायच्या आदल्या दिशी मेंढरं डोहात बुचकळून काडायची, की झालं. पर म्हनलं, आज बाई येनार. त्यांच्या म्होरं मळकी लोकर ठिवायची व्हय? काल सुप्री मुद्दाम वेल्ह्याला गेली पाकीट आनाया."

दुसऱ्या कुणी हा फेस लपवला असता. आलेल्या माणसापुढे घरातलं उत्तम ते ठेवायचं, एवढंच ठाऊक असलेल्या या माणसांनी तिला हाताला धरून तो दाखवायला आणलं होतं. मैथिलीला त्यांचा रागही येत होता आणि स्वतःच्या रागाची लाजही वाटत होती.

"पण असं करायला सांगितलं कुणी? कंपनीच्या माणसाने?"

पारूबाईंनी सुनेकडे बघितलं. सुप्रिया धुतलेली लोकर कातळावर पसरत होती. तिचे हात थांबले.

"तुमीच की ताई. परवा फोनवर म्हनला न्हाई का, लोकर जरा स्वच्छ असू द्या, फोटो काडायचेत?"

म्हणाली होती खरी. मुळात तो फोनच करायचा नव्हता. तपासणीला येतोय हे वस्तीला आधी कळू द्यायचं नाही, हा संस्थेचा पहिला नियम; तो मोडला की तपासणीच रद्द. पण मागच्या खेपेला पानशेतकडच्या एका वस्तीवर ती पोचली तेव्हा सगळी माणसं लग्नाला गेलेली. दिवस फुकट गेला होता. म्हणून या खेपेला तिने शहाणपणा केला, आणि स्वच्छतेचं तर बोलण्याच्या ओघात तोंडातून निघून गेलं.

सुप्रिया घरात जाऊन पाकीट घेऊन आली. कोपरा कापलेला, आत निम्म्याहून जास्त पावडर.

"हे घेऊन जावा ताई. आमाला काय उपेग?"

मैथिलीने पाकिटाचा फोटो काढला आणि दगडावर बसून मोबाईलवर तक्ता उघडला. रसायनाच्या रकान्यात 'नाही' दाबलं असतं तर कुणाला कळणार होतं? फेस तासाभरात खाली वाहून गेला असता. तिला ही नोकरी हवी होती, अगदी मनापासून हवी होती. 'नाही'वर तिचं बोट बराच वेळ रेंगाळलं. पण आज हे चाललं असं दिसलं, की पुढच्या प्रत्येक तपासणीला ही माणसं एक पाकीट आणणार. तिने 'होय' दाबलं.

"काय लिवलं?" पारूबाईंनी विचारलं.

"पावडर वापरली. एकदाच."

"आनि आता काय लिवताय?"

"कुणाच्या सांगण्यावरून, ते."

पारूबाई सुनेच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या. "सुप्रीचं नाव नगा घालू. लेकुरवाळी हाय. माजं घाला."

"माझं घातलंय, मावशी."

पारूबाईंना ते नीट उमगलं नसावं. "मंग तुमाला कोन बोलंल का?"

"ही तपासणी रद्द होईल," मैथिली म्हणाली. बाकीचं तिने सांगितलं नाही. "दुसरं कुणीतरी येईल. फोन न करता, कुठल्याही दिवशी. तेव्हा काही वेगळं करायचं नाही. रोज जसं असतं तसंच राहू द्यायचं."

"आन् च्या?"

"म्हणजे?"

"दूध समदं सकाळीच डेरीला जातंय. न सांगता मानूस आलं तर त्येला काय कोरा च्या द्यायचा?" पारूबाईंनी जरा विचार केला आणि सुनेकडे वळल्या. "सुप्रे, उद्यापास्नं वाटीभर दूध रोज मागं ठिवत जा. कवा का येईना."