फळीवरून हात दिसत नाहीत

'गाडीवर जो उभा असेल त्याला प्रश्न विचारायचा नाही.' मैदानावर पाऊल ठेवल्याच्या पहिल्याच सकाळी इनेझ बारेलाला हा नियम सांगण्यात आला. मला तो तिच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता, कारण ती गाडी म्हणजे मीच.

मी ढकलगाडी बोलतेय. नावावर जाऊ नका. मला चाकं नाहीत आणि मी कुणाला कुठे पोहोचवत नाही. लोखंडी सांगाडा, खाली दोन घसरपट्ट्या, पुढे जाड स्प्रिंगांवर बसवलेल्या पाच गाद्या आणि मागे एक फळी, एवढाच माझा संसार. अमेरिकन फुटबॉलच्या सरावात पाच दांडगे गडी समोरून येऊन गाद्यांवर आदळतात आणि मला गवतावरून रेटत नेतात. फळीवर कोच उभा असतो. माझं वजन वाढावं म्हणून, असं तो म्हणतो. ओरडायला उंची मिळते हेही आहेच.

माझा जन्म आयोवातल्या एका कारखान्यात झाला. शेजारच्या दालनात नांगरांचे फाळ तयार होत. मला जोडणाऱ्या वेल्डरला त्याचा मुकादम म्हणाला होता, "हिला जन्मभर मार खायचाय, सांधे दुहेरी कर." त्याने केले. अजून एकही सुटलेला नाही.

सुरुवातीची वर्षं मी एका कॉलेजच्या मैदानावर काढली. म्हणजे मीही कॉलेजात गेलेली आहे, पण गाडीला कोण विचारतं? मग मला टोलेडोच्या संघाने घेतलं. इथे खेळणं हीच माणसांची भाकरी. कॉलेजातली पोरं मला ढकलून झाल्यावर हसायची. इथले गडी मला ढकलून झाल्यावर आधी फळीकडे बघतात, आपण उद्या असू की नाही हे तिथून कळतं का ते शोधत.

फळीवर कॅझ वोयताला. पुढच्या पाच जणांच्या भिंतीचा कोच. गुडघे गेलेले, आवाज मात्र शाबूत. गालात सूर्यफुलाच्या बिया, टरफलं माझ्या फळीवर. शुक्रवारी वहिनीने केलेल्या पिरोग्यांचा, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचा, डबा आणायचा आणि आपल्या पाचही गड्यांना स्वतःच्या हाताने वाढायचा. त्यांना शिव्या घालायचा हक्क फक्त त्याचा. दुसऱ्या कुणी घातल्या तर अंगावर जायचा. त्याने तळहात उचलून माझ्या लोखंडावर थाप मारली की पाचही जण एकदम सुटत. थापेआधी कुणी हलायचं नाही.

या पाच जणांचं नशीब विचित्र आहे. सामन्यात चेंडू घेऊन पळायला त्यांना मिळत नाही. त्यांच्यामागे क्वार्टरबॅक उभा असतो. तो चेंडू फेकेपर्यंत समोरून येणाऱ्यांना अडवायचं, एवढंच काम. अडवलं तर टाळ्या क्वार्टरबॅकला. चुकलं तर मात्र भोंग्यावर ह्यांचं नाव. त्यामुळे आपलं नाव ऐकू आलं की हे गडी खाली मान घालतात.

कॅझ त्यांना एकच मंत्र द्यायचा. "दोन्ही हात एकदम. दार तोडायचंय, वाजवायचं नाही." मग मी किती लांब सरकले ते बघायचा आणि खूश व्हायचा.

मी सरकायचेच. सरकणं हे माझं काम आणि हरणं हा माझा स्वभाव. मी कुणाचे हात झटकत नाही, बाजूने निसटत नाही, डावीकडे हूल देऊन उजवीकडे जात नाही. समोरच्या संघातला माणूस हे सगळं करतो. पण माझ्यावर जिंकलेल्याला वाटतं, जग असंच छाती पुढे करून उभं राहणार.

इनेझ सॅन अँटोनियोची. कॉलेजात ती शरीराच्या हालचालींचं शास्त्र शिकली, मग तिने एका शाळेच्या संघाची भिंत अशी बांधली की गावोगावचे लोक बघायला येत. इथे ती कॅझची मदतनीस. पहिल्याच सरावात सगळे माझ्या मागे उभे राहिले आणि ही माझ्या बाजूला गवतात गुडघे टेकून बसली.

"काय हरवलं, पोरी?" कॅझ वरून म्हणाला.

"हात बघतेय, कोच."

"हात काय बघायचे? गाडी बघ. सरकली की नाही?"

"गाडी तर सरकणारच. तिला काय मत आहे?"

मला आहे. पण तिचं म्हणणं मी मनावर घेतलं नाही, कारण इतक्या वर्षांत बाजूला बसलेली ती पहिलीच. फळीवरून फक्त शिरस्त्राणं दिसतात. हात गाद्यांच्या पलीकडे असतात. मनोऱ्यावरचा कॅमेरा सगळं टिपतो, पण तोही उंचावरूनच, आणि चित्र बघायला बसलेला माणूस जे बघायचं ठरवून बसतो तेच त्याला दिसतं. कॅझने आयुष्यभर आपल्या गड्यांची डोकी पाहिली होती.

त्या उन्हाळ्यात माझ्या डाव्या टोकाच्या गादीवर आयझेया टोलिव्हर यायचा. मिसिसिपीचा, नवा, दाराच्या चौकटीत न मावणारा. बोलणं हळू आणि सांगितलेलं शब्दशः करायचं वळण. कॅझने दोन्ही हात म्हटलं की ह्याचे दोन्ही हात असे एकजीव येऊन आदळत की स्प्रिंग बोंबलायची. माझ्यावर त्याच्याइतका कुणी जिंकला नाही.

पहिल्या मैत्रीच्या सामन्यात समोरच्या पोराने फक्त वाट पाहिली. टोलिव्हरचे दोन्ही हात सुटले, त्याने ते एका फटक्यात खाली दाबले आणि मोकळ्या छातीला वळसा घालून गेला. आमच्या क्वार्टरबॅकचा खांदा दुखावला. दुसऱ्या दिवशी कॅझ फळीवरून सगळ्यांदेखत म्हणाला, "पाय जड आणि डोकं त्याहून जड. पालथ्या घड्यावर पाणी."

टोलिव्हर पुन्हा गादीसमोर वाकला. गाडीवर उभा असणाऱ्याला विचारायचं नसतं.

इनेझने मात्र विचारलं. "एक हात आधी, दुसरा राखून ठेवायचा, असं शिकवून बघू का? समोरच्याने एक झटकला तरी दुसरा उरतो."

"बघू नकोस. ह्याच दोन हातांवर मी अकरा गड्यांची घरं बांधून दिलीत. विचार त्यांना."

"तेव्हा समोरचे एवढे चपळ नव्हते, कोच."

"तेव्हा मदतनीस पण एवढे बोलत नव्हते."

गडी हसले. ती हसली नाही. आणि मी कॅझला वाईट ठरवत नाही. मोठी माणसं खोटं क्वचितच बोलतात. आपल्या काळातलं खरं आजच्या माणसाच्या गळ्यात घालतात आणि घुसमटला की त्यालाच दोष देतात.

त्यानंतर रोज सराव संपला, कॅझ घरी गेला की ते दोघं मैदानावर थांबत. ऊन उतरायला वेळ असायचा. मला ताडपत्री घातलेली, पण एक कोपरा फाटका होता. इनेझ दंडांना जाड गाद्या बांधून त्याच्यासमोर उभी राहायची आणि माझं न जमलेलं काम करायची. झटकायची, निसटायची, हूल द्यायची.

"कोच, तुम्हाला लागलं तर माझी आई मला घरात घ्यायची नाही."

"मला लागण्याआधी तुला मी सापडायला हवी ना. ये."

तो धडपडायचा, ती बाजूने निघून जायची. तो स्वतःलाच शिव्या घालायचा. ती म्हणायची, "शिव्या नंतर. आधी डावा हात कुठे होता ते सांग." तिला तसा धीर कमी. एकदा त्याने पुन्हा दोन्ही हात सोडले तेव्हा तिने वैतागून दंडाची गादी काढून गवतात फेकली, मग स्वतःच उचलून आणली. असं होता होता त्याचा एक हात पुढे राहू लागला आणि दुसरा थांबायला शिकला. एका संध्याकाळी ती तीन बाजूंनी गेली आणि तिन्ही वेळा तो समोरच. तो माझ्या पट्टीवर बसला आणि भडाभडा पाणी प्यायला.

शेवटचा मैत्रीचा सामना मी पाहिला नाही. गाडीला स्टेडियममध्ये कोण नेतं? आज सराव सुरू व्हायच्या आधी टोलिव्हरने माझ्या फळीला टेकून इनेझला सांगितला तो मी ऐकला.

"अर्ध्या वेळेपर्यंत माझं नाव कुणी घेतलं नाही, कोच. एकदासुद्धा नाही."

"मी पाहिलं."

"मग कोच वोयताला कडेने ओरडले, 'दोन्ही हात.' मी केले."

"का केलेस?"

त्याने माझ्या फळीवरचं एक टरफल नखाने उडवलं. "ते कोच आहेत," म्हणाला. "तुम्हीच सांगा, नाही कसं म्हणायचं असतं?"

पुढच्याच डावात त्याच्या बाजूने माणूस घुसला होता, चेंडू समोरच्यांच्या हाती गेला होता आणि भोंग्यावर त्याचं नाव तेवढं एकदाच आलं होतं. सगळ्यांच्या लक्षात तेच राहिलं.

आता हंगाम तोंडावर आहे. संघातून माणसं कमी करायचा दिवस आजचाच. माझंही वय झालंय. डाव्या टोकाची स्प्रिंग टोलिव्हरने सैल करून ठेवलीय, गाद्यांना ठिगळं लावलीत, आणि पुढच्या वर्षी नवी गाडी येणार असं ऐकते. येऊ दे. तिला ढकलणाऱ्यांना माझा एकच निरोप द्या. ती सरकली म्हणून हुरळून जाऊ नका. आणि तिच्यावर उभं राहणाऱ्याला सांगा, दिवसातून एकदा तरी खाली उतरून बाजूला बसावं. गवत ओलं असलं तरी.

आज सकाळचं सांगते आणि थांबते.

पाचही गडी गाद्यांसमोर वाकून तयार होते. कॅझ फळीवर. तेवढ्यात मुख्य कोच ग्रेडी लँड्रम आले. बोलायला मोजके, चालायला सावकाश. भिंतीतला माणूस काढायचा तर तिथल्या दोन्ही कोचांचं एकमत लागतं, ही त्यांची जुनी पद्धत. त्यांनी इनेझला खुणेने जवळ बोलावलं. टोलिव्हर तिथून हाताच्या अंतरावर होता. तो वाकलेलाच राहिला.

"कॅझ म्हणतो, ह्याला शिकवता येत नाही," लँड्रम म्हणाले. "तुझ्याकडून तेवढंच हवंय. मग मी त्याला आत बोलावतो."

कॅझ वरून म्हणाला, "बोलून टाक, पोरी. मी हे वर्ष संपलं की घरी बसणार. ही फळी तुलाच मिळायचीय, ग्रेडीला मी कधीच सांगून ठेवलंय." आवाजात कुत्सितपणा नव्हता. तो खरंच द्यायला निघाला होता. त्याने थोडं सरकून माझ्या फळीवर तिच्यापुरती जागा केली. "ये, चढ. आजची थाप तू मार."

तिला ती जागा हवी होती. मला ठाऊक आहे; एका संध्याकाळी टोलिव्हर गेल्यावर ती फळीवर येऊन उभी राहिली होती, एकटीच, आणि कुणी येतंय असं वाटून घाईने उतरली होती.

ती आज चढली नाही. माझ्या लोखंडाला हात लावून खालीच उभी राहिली.

"घडा पालथा नाहीये, कोच," ती म्हणाली. "तुम्ही ओतलंत ते सगळं त्यात काठोकाठ आहे. काल अर्ध्या वेळेनंतर त्याने तुमचंच ऐकलं. तुम्ही म्हणालात तसं, तुम्ही म्हणालात तेव्हा. त्याला शिकवता येत नाही असं मी म्हणणार नाही. आज नाही, आणि ह्या फळीसाठी तर नाहीच."

लँड्रमनी कॅझकडे पाहिलं. कॅझने गालातल्या बिया चावायचं थांबवलं. समोर पाच गडी वाकलेले, डाव्या टोकाला टोलिव्हर, एक हात पुढे आणि एक राखलेला, सगळे थापेची वाट बघत. सवयीने कॅझचा तळहात वर गेला होता. तो तसाच हवेत राहिला.