लिंबाचा वास

होडीवर येऊन तिसराच दिवस, आणि मास्तर संडासाकडे जायचं टाळू लागले होते.

हौस सगळी कप्तानाची. कप्तान म्हणजे मास्तरांचा शाळेपासूनचा दोस्त. दोन आठवडे शिडाची होडी चालवायला शिकला आणि गड्याला आकाश ठेंगणं झालं. नावाडी नको, आपणच चौघं बेटाबेटांवर हिंडू, म्हणत त्याने दाताच्या डॉक्टरला आणि मास्तरांना गळ घातली. मास्तरांची बायको नकोच म्हणत होती. काही बिघडलं तर खापर माझ्यावर फुटेल, असं तिचं म्हणणं. मी आहे ना, म्हणून मास्तरांनी तिला आणलं.

पहिल्याच दिवशी कप्तानाने नियम सांगितला. संडासात कागदाचा कपटाही टाकायचा नाही, आणि ज्याच्यामुळे तुंबेल त्यानेच मैला बाहेर ढकलणारा हातपंप उघडून साफ करायचा.

आज सकाळी तुंबला. पंपाचा दांडा हलेना, भांडं काठोकाठ भरलेलं, आणि होडी जरा कलली की पिवळं पाणी थेट गॅसच्या ओट्याखाली यायचं. त्यात उकाडा असा की वास अंगाला चिकटावा. डॉक्टर वर जाऊन वाऱ्याकडे तोंड करून ओकला, त्यामुळे ते सगळं त्याच्याच सदऱ्यावर परत आलं.

"वहिनी, केस वगैरे टाकलेत का?" कप्तानाने गोड आवाजात विचारलं.

"मी काही टाकलं नाही."

"होतं असं बायकांकडून," डॉक्टर सदरा पिळत म्हणाला.

ती खरं बोलतेय हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. त्या संडासात जावं लागू नये म्हणून ही बाई तीन दिवस घोटभर पाण्यावर राहिली होती. पण चारचौघांत वाईटपणा कशाला घ्या. "जाऊ द्या, तिच्याऐवजी मी उघडतो," ते म्हणाले, आणि आपण किती मोठं मन दाखवलं असं त्यांना वाटलं.

पहिला स्क्रू सैल होताच घाण मनगटावरून कोपरापर्यंत आली. श्वास कोंडून मास्तरांनी झडपेत बोटं घातली नि ओढलं. लिंबाच्या वासाचे ओले कागदी रुमाल निघाले, कप्तान रोज सकाळी तोंड पुसायचा तेच. एक नाही, सात. विष्ठेत मिसळलेला तो लिंबाचा वास इतका घाणेरडा होता की मास्तर तिथेच दोनदा ओकले.

त्यांनी बादली वर आणली. कप्तान डोकावला. "अरेच्चा, माझेच की. पाकिटावर तर विरघळतात म्हणून लिहिलंय." आणि तो खो खो हसला.

"बरं झालं, मास्तरांची आंघोळ झाली," डॉक्टर म्हणाला. वहिनींचं कुणी नावही काढलं नाही.

मास्तरही हसले. कप्तान हसला की हसायचं, हे शाळेपासूनचं.

मग त्यांचं लक्ष बायकोकडे गेलं. तिने आपली पिशवी भरून आणली होती. "मला किनाऱ्यावर सोडा," ती कप्तानाला म्हणाली.

"थांब, मीही येतो," मास्तर म्हणाले.

"नको. किळस येते मला."

मास्तर घाईघाईने बाटलीतलं पाणी हातावर ओतू लागले.

"हाताची नाही," ती म्हणाली.