नातेवाईकाचा रकाना

ऑफिसात सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत. हॉस्पिटलसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बाई. प्रोग्रॅम लिहायची त्यांची ‘फंक्शनल’ जातीची भाषा मोठी खाष्ट. एखादा रकाना रिकामा राहू शकतो असं एकदा कबूल केलं, की रिकामा असेल तर काय करायचं हे लिहिल्याशिवाय ती प्रोग्रॅम तयारच होऊ देत नाही. ‘जवळचा नातेवाईक’ हा असाच रकाना. चाचणीपुरतं बाईंनी लिहून टाकलं: कोणी नसेल तर हा नंबर घे. नंबर स्वतःचा. नंतर काढू म्हणाल्या आणि विसरल्या. शहाणी माणसंच अशी माती खातात.

तीन आठवड्यांनी, दुपारी एकट्याच जेवत असताना त्यांचा फोन वाजला.

“हॉस्पिटलमधून सिस्टर बोलतेय. सात नंबरच्या आजोबांचं उद्या ऑपरेशन आहे. तुम्ही त्यांच्या नातेवाईक ना?”

चूक तत्क्षणी ध्यानात आली. ‘नाही’ म्हटलं की काम भागत होतं. पण आई गेल्यापासून चार वर्षांत, तुम्ही अमक्याच्या कोण, असं त्यांना कोणी विचारलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, “हो. येते मी संध्याकाळी.”

फोन ठेवला आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांना उमगलं. तिकडे सिस्टर एका म्हाताऱ्या माणसाला सांगणार, तुमचं माणूस येतंय. त्यांनी आधी ती ओळ बदलली: कोणी नसेल तर ‘कोणी नाही’ असंच दाखव. मग संध्याकाळी पर्स उचलली. दुसरी चूक जागेवर बसून दुरुस्त होणारी नव्हती.

आजोबा खाटेवर टेकून बसले होते. दाढी नुकतीच केलेली, केस पाणी लावून विंचरलेले. बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. “मी तुमची कोणी नाही, आजोबा. खोटं बोलले मी.”

“ते कळलंच होतं,” आजोबा म्हणाले. “रकाना मीच रिकामा सोडला होता. माझं कोणी उरलंय का, हे मला नाही तर कोणाला ठाऊक असणार?”

“तरी वाट बघितलीत?”

“म्हटलं, चुकून का होईना, येतंय ना कोणीतरी. सिस्टरकडून दाढी करून घेतली.”

आजोबांनी पाय आखडून खाटेवर जागा केली.

“उद्या साडेसातला आत नेणार आहेत. तुम्हाला ऑफिस असेल.”

“साडेसातला मी दाराबाहेर असेन,” बाई म्हणाल्या. घरी कोणाला विचारायचं नव्हतं. विचारण्यासारखं कोणी नव्हतंच.