पत्ता चुकलेला माणूस

शिवणताईच्या धाकट्या भावाला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षीची ही गोष्ट.

"कुणाच्या मापानं शिवलाय हा?"

शिवणखोलीच्या दारात थोरली उभी होती. निळा कोट तिच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. थोरली म्हणजे मालिकेतली थोरली. त्या स्टुडिओत नटांना भूमिकेच्याच नावानं हाक मारायचे आणि बाकीच्यांना कामाच्या, म्हणून कपडे शिवणारीला सगळे शिवणताई म्हणायचे.

शिवणताईनं वही उघडली. माप बरोबर लिहिलेलं होतं. मग तिनं कोटाच्या खांद्याला टेप लावली. हे माप तिचं स्वतःचं होतं.

आदल्या दिवशी ती कापड कापत होती तेव्हा खोलीतला लहान टीव्ही चालू होता. कुणी कधी काय घातलं होतं ते ताडून बघायला तो ठेवलेला. त्यात मालिकेतला मास्तर थोरलीला हातमोजे आणून देत होता आणि थोरली म्हणत होती, "छान आहेत. धाकटीला होतील." शिवणताईची कात्री चालत राहिली होती. एकवीस वर्षांत कधी न झालेली चूक तिथं झाली.

"अर्ध्या तासात आत घेते," ती म्हणाली. "बसा."

थोरली स्टुलावर बसली. कोपऱ्यात मिस्त्री कपाटाची बिजागरी बदलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मिस्त्रींनी दोन महिन्यांपूर्वी तिला सहज सांगितलं होतं, "घर मोठं आहे. स्वयंपाकघराला खिडकी आहे. कुणीतरी हवं." शिवणताईनं मनावर घेतलं आणि तीन बायका सुचवल्या, प्रत्येकीच्या गुणांसकट. मिस्त्रींनी तिन्ही शांतपणे ऐकून घेतल्या आणि विचारलं, "चौथं?" ती म्हणाली, "आठवलं की सांगते." इस्त्रीवाल्या मावशीनं हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बये, तो तुला स्थळ विचारत नाहीये, तोच स्थळ आहे!" शिवणताई हसली होती. "एकटा माणूस आहे, वेळ घालवतो. तुझं आपलं काहीतरीच."

"शिवणताई, मला सांगा," थोरली म्हणाली. "मास्तर सहा वर्षं हिच्या मागं आहे. आज तो सरळ विचारणार आणि मी काय म्हणायचं? तर 'तुम्हाला धाकटी शोभेल'! मला हे वाक्य बोलताच येईना. ही बाई बावळट आहे का माजलेली?"

"माज नाही हो," तोंडातल्या टाचण्यांमधून शिवणताई म्हणाली. मग तिनं टाचण्या काढून हातात घेतल्या. "लहानपणापासून चारचौघांत तिची आई सांगते, दिसायला बेताचीच, पण हाताला वळण आहे. मग काम घेऊन आलेला माणूस हिला कळतो. पण कुणी नुसताच हिच्यासाठी आला, की हिला वाटतं, बिचाऱ्याचा पत्ता चुकला. चुकलेल्याला पाणी द्यायचं आणि शेजारचं दार दाखवायचं. ती नाही म्हणतच नाहीये. ती वाट दाखवते."

"आणि तो गेला की?"

"दार लावून घेते. कुणाचं तरी भलं केलं, असं तिला वाटतं."

थोरली स्टुलावर पुढं सरकली. मग म्हणाली, "आणि त्याला काय वाटत असेल? इतक्या लांबून आला, आणि हिनं दारातून परत धाडला."

शिवणताईची सुई थांबली. इतक्या वर्षांत तिनं आपल्या रंगाचा विचार केला होता, वयाचा केला होता, लोक काय म्हणतील याचा केला होता. समोरच्याला लागत असेल, हे मात्र तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आपण नम्र आहोत असं ती समजत होती. कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हरचा आवाजही केव्हाचा बंद झाला होता.

कोट झाला. थोरली तो घालून वर गेली. शिवणताईनं धागे गोळा केले आणि पाठमोरीच म्हणाली,

"मिस्त्री, ते चौथं..."

"हं."

"वय एक्केचाळीस. स्वभाव संशयी. स्वयंपाक बरा."

"स्वयंपाक मी करतो. बाकी चालेल."

"दिसायला..."

"अकरा वर्षं बघतोय की," मिस्त्री म्हणाले. "मला दिसतं."

इस्त्रीवाली मावशी दारातच होती. "देवा, सुटलो!" म्हणत तिनं सगळ्या मजल्यावर बातमी पोचवली.

मालिका पुढं मध्येच बंद पडली, त्यामुळं पडद्यावरची थोरली कायमची एकटीच राहिली. तिची आठवण निघाली की शिवणताई म्हणायची, "माझ्या वाटचं 'नाही' ती म्हणून गेली. तिचे उपकार आहेत." ती नटी नंतर एकदा बाजारात भेटली, तेव्हा शिवणताईनं भररस्त्यात तिचे दोन्ही हात धरले. त्या बिचारीला कशाबद्दल ते आठवेना.

संसार चारचौघांसारखाच झाला. मिस्त्री भाजीत मीठ जास्त घालायचे आणि ती ते सांगायची. पहिली दोन वर्षं त्यांनी काही आणलं की "कुणासाठी?" असं तिच्या तोंडून निघून जायचं. ते दर वेळी न चिडता उत्तर द्यायचे, "तुझ्यासाठी." तिसऱ्या वर्षी तिनं विचारणं सोडलं.

पुढं मिस्त्रींना दवाखान्यात दाखल केलं, तेव्हा तिथल्या खिडकीतल्या कारकुनानं कागदावरून नजर न उचलता विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

"बायको," ती म्हणाली. आवाज खाली गेला नाही. त्यानं लिहिलं ते तिनं वाचून बघितलं आणि खाली सही केली.

लग्नाला तेरा वर्षं झाली होती. मिस्त्री नऊ डिसेंबरला, मंगळवारी, दुपारी सव्वातीनला गेले.