आईकडून आलेले जंत

सुतारमामांच्या कारखान्यात तिसरं पिल्लू मेलं, तेव्हा सगळ्यांनी मिळून गुन्हेगार ठरवून टाकला. भुरी कुत्री, म्हणजे त्या पिल्लांची आईच. घरादारात काही बिघडलं की आधी आईकडे बोट दाखवायचं, ही आपली सवय माणसांपुरती थोडीच आहे?

चारांतलं उरलेलं एक पिल्लू कोपऱ्यात पडून होतं. पोट टम्म, बरगड्या मात्र मोजून घ्याव्यात अशा. मागच्या खेपेलाही हेच झालं होतं.

"हिचं दूधच बाधतं," रंधा मारता मारता मामा म्हणाले. "उद्या टेम्पोत घालतो आणि लांब सोडून येतो."

त्यांच्या सुनेने पिल्लू टॉवेलात गुंडाळलं, भुरीच्या गळ्यात दोरी अडकवली आणि जनावरांचा दवाखाना गाठला. मामाही मागोमाग गेले. डॉक्टरीणबाईंकडून एकदा शिक्कामोर्तब झालं की सुटलो, असा त्यांचा हिशेब.

बाई पोट चाचपत होत्या, तेवढ्यात पिल्लू ओकलं. टेबलावर पांढऱ्या दोऱ्यांसारखे जंत वळवळू लागले.

"जंत?" मामा चक्रावले. "अहो, आत्ता कुठे डोळे उघडलेत त्याने. दुधाशिवाय तोंडात काही गेलेलं नाही. जंत तर गोड खाऊन होतात ना?"

"गोडाचा काही संबंध नाही. हे आईकडून आलेत. जंतांच्या अळ्या आईच्या अंगात झोपून राहतात. ती गाभण राहिली की जाग्या होऊन पोटातल्या पिल्लांत शिरतात. काही नंतर दुधातून जातात."

"बघ," मामा सुनेकडे वळले. "मी काय म्हणत होतो? हिला लांब सोडलेलीच बरी."

मग मात्र सुनेचा बांध फुटला.

"आईकडून आलं म्हणजे आईने केलं का, मामा? माझ्या छकुलीला जुलाब झाले तेव्हाही घरात हेच चाललं होतं. हिचं दूध बाधलं, हिला हे देऊ नका, ते देऊ नका. मी अर्धपोटी राहिले. आणि निघालं काय, तर पाण्याची टाकी कुणी धुतली नव्हती. टाकी धुतलीत, पण मला कुणी एका शब्दाने विचारलं नाहीत."

बाईंनी शांतपणे विचारलं, "भुरीची घाण कुठे टाकता?"

"टाकायची कशाला? कारखान्यात भुसा पडलेलाच असतो. वर दोन मुठी टाकला की झालं."

"झालं नाही, तिथूनच सुरू होतं. भुशाने वास झाकला जातो, जंतांची अंडी मरत नाहीत. वर्षानुवर्षं टिकतात. भुरी तिथेच लोळते, अंग चाटते, अंडी तिच्या पोटात जातात. तुमची नात तिथे खेळते का?"

"खेळते," मामा म्हणाले.

"लेकरांच्या पोटात गेली तर अळ्या कधी कधी डोळ्यापर्यंत पोचतात. भुरीला खुशाल सोडून या. ती दुसऱ्याच्या दारात विणार, आणि अंडी तुमच्याच कारखान्यात राहणार."

जिला ना कधी औषध दिलं, ना स्वच्छ जागा, तिलाच हाकलायला निघालेला हा घरधनी!

"पिल्लू वाचेल?" मामांनी विचारलं.

"आज औषध देते. दर पंधरा दिवसांनी पुन्हा आणा, आईलाही बरोबर आणा. वाचावं असं वाटतं. शब्द देत नाही."

परतल्यावर मामांनी यंत्रं बंद करवली आणि स्वतः फावडं घेतलं. घाणीसकट सगळा भुसा काढून जाळला, जमीन खरवडून घासली. मग हात धुऊन सुनेसमोर उभे राहिले.

"तुझंही दूध बाधलं नव्हतं, पोरी. चुकलो आम्ही."

तिने डोळे पुसले. मागे धुतलेल्या कोपऱ्यात पिल्लू भुरीला लुचत होतं.

मंडळी, आपल्याही दारात अशी एखादी भुरी असेल. तिला आणि तिच्या पिल्लांना वेळेवर औषध द्या, घाण झाकू नका, उचला. आणि लेकराचं दुखणं आईच्या माथी मारण्याआधी, त्या आईला आपण कुठल्या घाणीत ठेवलं होतं ते वाकून बघा.